सात तांबडे, अकरा पिवळे

“सर, जंतूंचं लग्न होते का हो?”

कोकिळानं उभं राहून, मोठ्यानं, सरांच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं आणि नववीच्या वर्गातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. प्रश्न काही तिचा नव्हता. मधल्या सुट्टीत मनकर्णा आणि झुंबर या तिच्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणींनी तो शिजवला होता. पैज अशी, की वानखडे सरांच्या शास्त्राच्या तासाला तो जसाच्या तसा विचारायचा. एक शब्द गाळायचा नाही, मधेच फिसकन हसायचं नाही. जमलं तर झुंबरनं आठ दिवस कोकिळाचं दप्तर तिच्या दारापर्यंत वाहायचं.

“तुले नाई जमत,” झुंबर म्हणाली होती.

“मले नाई जमत? पायजो तू.”

वर्षभरामागे तिला खरंच जमलं नसतं. हजेरीला ‘हजर’ म्हणताना तिचा आवाज इतका बारीक निघायचा की सर तिला गैरहजर मांडायचे आणि मनकर्णा उठून तिच्या वतीनं भांडायची. पण सव्वीस जानेवारीला ऐन तिच्या भाषणात भोंग्याची बॅटरी बसली. आता थांबायचं का, हे विचारायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून तिनं उरलेलं भाषण नुसत्या गळ्यानं ठोकलं. ते पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेलं. पट्ट्यात कोणाचा हात सापडला असं वाटून गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. आपल्या आत एवढा माल भरलेला आहे हे कोकिळाला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून तो कुठं कुठं सांडू असं तिला झालं होतं.

वानखडे सर रागावले नाहीत. फळ्यावर ‘सूक्ष्मजीव’ असं लिहून झालं होतं, त्याखाली त्यांनी एक रेघ मारली.

“नाही,” ते म्हणाले. “जंतूंचं लग्न होत नाही. जंतू एकटा असतो. खातो, पितो, फुगतो आणि मधोमध चिरतो. एकाचे दोन. काही जंतूंना तेवढ्याला अर्धा तासही पुरतो.”

“मंग त्यात माय कोन अन् लेकरू कोन?” झुंबरला राहवलं नाही.

“माय नाही, लेकरू नाही. दोन्ही तेच.”

“अन् पयला कुठं गेला? मेला?” मागच्या बाकावरून कोणीतरी.

“मेला नाही. तोच दोन झाला.”

वर्गानं हे गिळायचा प्रयत्न केला. गिळवलं नाही. पैज इथं संपली होती, पण कोकिळा अजून उभीच होती, आणि उभीच आहोत तर आणखी एक विचारू, असं तिला वाटलं. हा मात्र तिचा स्वतःचा.

“सर, तुम्ही पायलं का हे? सोताच्या डोळ्यानं?”

सरांनी खडू खाली ठेवला. ते अमरावतीला इंटरला होते तेव्हा अख्ख्या वर्गाला एकच सूक्ष्मदर्शक होता आणि सर तिसऱ्या रांगेत. त्यांनी पुढच्या दोघांच्या टाळू पाहिल्या होत्या. हे त्यांनी वर्गाला सांगूनही टाकलं, कारण त्यांना खोटं बोलता येत नसे. मग ते तडक हेडमास्तरांच्या खोलीकडे निघाले. त्यांच्या चपलांचा आवाज आज वेगळाच येत होता.

सूक्ष्मदर्शक शाळेत होता. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी शिक्षणखात्यानं तो लाकडी पेटीतून पाठवला होता आणि सोबत एक पत्र, की उपकरणाला इजा झाल्यास मुख्याध्यापक जबाबदार राहतील. शंकरराव हेडमास्तरांनी पत्र तीनदा वाचलं आणि पेटी कपाटात टाकून किल्ली जानव्याला बांधली. त्याला सात वर्षं झाली. या सात वर्षांत पेटी फक्त खंडेनवमीला बाहेर निघायची. सारा गाव त्या दिवशी वखर, तिफण, विळे पुजायचा, मग शाळेनं काय पुजावं? तर घंटा, लेझीम, पृथ्वीचा गोल आणि हे यंत्र. पूजा रामराव शिपाई करायचा आणि रामरावला अर्धवट काम माहीत नव्हतं. तो यंत्राची नळी नि नळी सुटी करायचा, तबकात मांडायचा, प्रत्येकीला दोन्ही अंगांनी हळदीकुंकू लावायचा, नमस्कार करून पुन्हा जशीच्या तशी बसवायचा. सात वर्षांत एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नव्हता.

त्या दिवशी मात्र हेडमास्तरांनी किल्ली दिली. सरांचा चेहराच तसा होता.

यंत्र व्हरांड्यात उन्हाला मांडलं. सरांनी आरसा फिरवून ऊन पकडलं, माठातल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर सोडला आणि डोळा लावला. चाळीस पोरं श्वास धरून उभी. सर बराच वेळ वाकलेलेच होते. मग वर न बघता हळूच म्हणाले, “आहेत.”

“काय आहेत, सर?”

“जंतू. तांबडे... एक, दोन... सात. आणि पिवळे, अकरा.”

मग रांग लागली. कोकिळानं डोळा लावला. उजेडाच्या गोल ताटलीत खरंच काही बसलं होतं. तांबडी ढेकळं, पिवळी ढेकळं, कडा कुरतडल्यासारख्या. डाव्या बाजूला एक तांबडा जंतू हुबेहूब कान तुटलेल्या बैलासारखा दिसत होता.

“सर, हे हालत काऊन नाई?”

सरांनी विचार केला. “थंडीचे दिवस आहेत,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून नमुने आणले. दूध, दही, ताक, बैलाच्या हौदातलं पाणी, आजोबांची थुंकी. सर एकेक थेंब मांडत गेले आणि पुठ्ठ्यावर लिहीत गेले. दूध: तांबडे सात, पिवळे अकरा. ताक: सात, अकरा. आजोबा: सात, अकरा. संध्याकाळपर्यंत पुठ्ठा भरला आणि सरांना घाम फुटला. असा नियम कोणत्याच पुस्तकात नव्हता.

“सर, तुमचं नाव होनार,” कोकिळा म्हणाली. तिचा आनंद तर कोणालाच आवरत नव्हता. प्रश्न तिनं विचारला, म्हणून यंत्र निघालं. झुंबर मागून दप्तर वाहतेय आणि कोकिळा पुढून ओरडत चाललीय, “आमच्या गावात सगळ्याइचे जंतू सारखे!” अशी वरात रोज गावातून निघायची.

गाव ते ऐकायला आलं. पहिले आले सरपंच उकंडराव. त्यांच्या मागोमाग, सरपंच एकटेच काय पाहतात म्हणून, माणिकराव. या दोघांचं अकरा वर्षांपासून एका बांधावरून वैर होतं. एक रस्त्यानं दिसला की दुसरा वावरातून जायचा. दोघांनी एकाच दुपारी वाटीत थुंकून दिलं आणि दोघांचे निघाले तांबडे सात, पिवळे अकरा.

उकंडराव माणिकरावांकडे वळले. “म्हनजे अंदरून आपून सारखेच की बे.”

“असं दिसते खरं,” माणिकराव म्हणाले. मग शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, दोघांनी मिठी मारली. हेडमास्तरांनी घाईघाईनं यंत्र बाजूला घेतलं.

मग गावविहिरीचं पाणी आलं आणि बौद्धवाड्यातल्या विहिरीचंही आलं. ते घेऊन केसरबाई सुईण स्वतः आली होती. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातांवर जन्मलेली. सरांनी दोन्ही पाणी पाहिलं आणि जाहीर केलं, सात आणि अकरा, दोन्हींत तेच. लोक तोंडात बोट घालायला लागले.

“हे सांगाले एवढी मोठी नळी लागली का बापा?” केसरबाई म्हणाली. “मी वीस वर्सांपासून फुकट सांगून राह्यली.” आणि तांब्या उचलून गेली.

धामणगाव बढ्याचा एक कापडवाला बाजाराच्या दिवशी मुद्दाम थुंकून गेला. त्याचेही सात-अकरा निघाले. तेव्हा उकंडरावांनी मत दिलं की आपले जंतू आता बाहेरगावी पसरून राह्यले, ही गावासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

इथवर सगळं गंमतीचं होतं. मग कारभारीमामा आले.

कारभारीमामा म्हणजे कोकिळाच्या आईचे चुलतभाऊ. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हता, छंद होता. कोकिळाच्या बाबतीत मात्र त्यांचे हात टेकले होते, कारण कोकिळाला पत्रिकाच नव्हती. ती जन्मली तेव्हा घरात घड्याळ नव्हतं. कोणी म्हणे गाई आल्या तेव्हा, कोणी म्हणे गाई बांधून झाल्या तेव्हा. जोशीबुवांनी गाईंवरून पत्रिका मांडायला साफ नकार दिला होता. त्यापायी तीन स्थळं येऊन परत गेली होती. आई दरवेळी डोळ्यांना पदर लावायची आणि कोकिळा दरवेळी माळ्यावर जाऊन मुकाट एक उडी मारायची. उत्तमराव, तिचे बाबा, सांगून चुकले होते की चांगलं स्थळ जुळलं की शाळा बंद. तिला अकरावी करायची होती, मॅट्रिक. घरात जे घड्याळ नव्हतं, त्याच्यावर तिची सगळी शाळा उभी होती.

“पत्रिका नसली तं नसो,” कारभारीमामा ओसरीवर बसून म्हणाले. “जंतू तं हायेत ना?”

“जंतू?” बाबा म्हणाले.

“पिंपळगाव राजाचे किसनराव. घरी रेडिओ, इंजिन, वीस एकर ओलिताचं वावर. शास्त्र मानणारा मानूस. मी त्याइले सांगतलं, आमच्या गावात यंत्र आलंय, आत्म्यापर्यंत पायते. ते म्हनाले, पोराची थुकी पाठवतो, जुळली तं रविवारी येतो.”

पोरगा आला नाही, त्याची थुंकी आली. एसटीनं आली, अत्तराच्या कुपीत, वर कागद चिकटवलेला: ‘उपवर. हलवू नये.’ कंडक्टरनं ती कुपी मोताळ्यापासून हात लांब करून धरून आणली होती.

शाळेत कोकिळाच्या घरचे सगळे जमले. सरांनी आधी कोकिळाची थुंकी पाहिली, मग कुपीतली. त्यांना स्वतःलाच बरं वाटत नव्हतं, पण डोळ्यांना जे दिसलं ते सांगायचं, एवढंच त्यांना येत होतं.

“सात तांबडे,” ते म्हणाले. “अकरा पिवळे.”

“अठरापैकी अठरा!” कारभारीमामा उभेच राहिले. “जोश्यानं आजवर छत्तीसातले बावीस जुळवले तरी लोकं पेढे वाटतात!”

पुष्पाबाईंनी, कोकिळाच्या आईनं, तिथल्या तिथं यंत्राच्या तोंडाला साखर लावायला घेतली, ती हेडमास्तरांनी महत्प्रयासानं थांबवली. सगळे हसत, बोलत घराकडे गेले. रविवारी सुपारी फोडायची ठरली. आज बुधवार होता.

कोकिळा व्हरांड्यातच राहिली. तिनं नळीला डोळा लावला. पिंपळगाव राजाचे जंतू पाहावे तरी कसे आहेत.

डाव्या बाजूला, तिथंच, कान तुटलेला बैल बसला होता.

तिनं डोळा काढला, चोळला, पुन्हा लावला. बैल तोच. हा माठाच्या पाण्यात होता. उकंडरावांच्या थुंकीत होता. तिच्या स्वतःच्या थुंकीत होता, त्याच जागी, त्याच तुटक्या कानानिशी. आणि आता हा पिंपळगावहून एसटीनं आला?

“मनकर्णे!” तिनं हाक मारली ती गिरणीपर्यंत नसली तरी विहिरीपर्यंत गेली. मनकर्णा आणि झुंबर धावत आल्या. “ती काचपट्टी काढ. काहाडून टाक. आता पाय.”

मनकर्णानं पाहिलं. “सात तांबडे,” ती म्हणाली. “पन कोकिळे, खाली तं काहीच नाई!”

“काहीच नाई, अन् तरी सात?”

“हवेतले असतीन,” झुंबर म्हणाली.

कोकिळानं डोळ्याजवळची नळी दोन बोटांत धरून हळूच फिरवली. नळीबरोबर सगळे जंतू फिरले. बैल वर गेला, उजवीकडे आला, खाली उतरला. अठराच्या अठरा फेर धरून नाचत होते. तिनं नळी उलट फिरवली, ते उलट नाचले. मग तिनं नळी उपसूनच काढली आणि तिची खालची काच उन्हात धरली. काचेवर तांबडी-पिवळी भुकटी चिकटली होती.

झुंबरनं वास घेतला. “हे तं खंडेनवमीचं हाय वं.”

मग मनकर्णाला हसू फुटलं, झुंबरला फुटलं, आणि कोकिळाला फुटलं तेव्हा तिला पायऱ्यांवर बसावं लागलं. उकंडराव आणि माणिकराव सात वर्षांच्या हळदीकुंकवावर गळ्यात पडले होते!

पण नुसतं वासावरून कोण ऐकणार? कोकिळाला धडा आठवला, पेशीतलं पिष्ट ओळखण्याचा. फळ्यावर शिकवलेला, कारण शाळेत आयोडिन नव्हतं. म्हणजे होतं, पण ते जखमेचं म्हणून वेगळ्या कपाटात होतं. तिनं रामरावकडून टिंक्चरची बाटली मिळवली, गुडघा फुटला असं सांगून. नळ्यांच्या सांदीकोपऱ्यांत होती-नव्हती तेवढी भुकटी काडीनं खरवडून बशीत काढली आणि तिचे तीन भाग केले. पहिल्यावर आयोडिन, भुकटी काळीनिळी पडली. म्हणजे आत पिष्ट होतं. हळद शेवटी वाळवून कुटलेला कंदच. दुसऱ्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी, पिवळं होतं ते तांबडंभडक झालं. तिसऱ्यावर लिंबू, आणि तांबडं होतं ते पिवळं पडायला लागलं.

“आजी हळदीत चुना कालवते तवाच कुंकू होते,” झुंबर म्हणाली. “लिंबानं चुना मेला, कुंकवाची हळद झाली.” तिला आपण रसायनशास्त्र बोललो हे माहीतच नव्हतं.

“कोणी काढली ती नळी?”

दारात वानखडे सर होते. लग्न मोडायचं कोकिळाच्या डोक्यात होतं. सर मोडतील हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिनं बशी पुढं केली. सरांनी बशी पाहिली, नळी पाहिली, नळी फिरवून पाहिली. ते बाकावर बसले. मग त्यांनी रामरावला हाक मारली आणि फक्त बोट दाखवलं.

रामराव शांतपणे म्हणाला, “मंग पूजा नाई करायची का, सर? सात वर्सांत एकडाव तरी बिघडलं का ते?”

सरांनी धोतराच्या सोग्यानं सगळ्या काचा पुसल्या, तासभर पुसल्या. मग कोकिळाला गालाच्या आतून काडी फिरवायला सांगितलं, ती काचपट्टीवर टेकवली, वर आयोडिनचा थेंब सोडला आणि डोळा लावला. या वेळी ते इतका वेळ वाकून राहिले की मनकर्णाला वाटलं झोपले.

“पाहा,” ते शेवटी म्हणाले.

कोकिळानं पाहिलं. पातळ, वेड्यावाकड्या कडांच्या, पापडासारख्या चकत्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध एकेक तपकिरी ठिपका.

“या तुझ्या पेशी,” सर म्हणाले. “पाणी, प्रथिनं, थोडी चरबी, थोडी साखर. तो ठिपका केंद्रक. मी हे आठ वर्षं शिकवतोय.” आणि मग, “आज दिसलं.”

त्यांनी हौदातलं हिरवं पाणी मांडलं. त्यात चपलेच्या तळव्यासारखा एक जीव सळसळत पोहत होता, आणि एक असा होता की कमरेत काचला होता, पुढून एक, मागून एक. त्या दोघांची ओढाताण संपेना. तिघी आळीपाळीनं पाहत राहिल्या. भाकरीची वेळ टळून गेली.

“रविवारी मी येतो,” सर उठताना म्हणाले. “सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी आहे.”

कोकिळानं घरी जाऊन बाबांना सांगितलं. आई चुलीपुढून म्हणाली, “हळदीकुंकवाले घान म्हनते, तोंड पाय पोरीचं.” पण उत्तमराव न्यायाचा माणूस. ते म्हणाले, “सरांनी चारचौघांत सांगतलं की यंत्र खोटं, तं मी पाव्हन्याइले चहा पाजून वापस लावतो. माहा शब्द.” कोकिळा गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशी चालली की पाय जमिनीला लागत नव्हते.

रविवारी किसनराव अकरा माणसं घेऊन आले. ओसरीवर सतरंजी पडली. उकंडराव आणि माणिकराव एकाच तक्क्याला टेकून बसले. सर आले ते यंत्र काखेत घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांनी चहाही घेतला नाही.

“मंडळी,” ते म्हणाले, “मी चुकलो. जे सात आणि अकरा मी तुम्हाला सांगितले, ते जंतू नव्हतेच. नळीच्या काचेला हळदकुंकू लागलेलं होतं. मी सगळ्यांची क्षमा मागतो.”

तक्क्यावर उकंडराव थोडे डावीकडे सरकले, माणिकराव थोडे उजवीकडे.

“मंग बांध?” माणिकराव म्हणाले.

“बांध माहाच,” उकंडराव म्हणाले.

दाराआड कोकिळानं मनकर्णाचा हात इतका दाबला की तिची काकणं वाजली.

“थांबा, थांबा गुरुजी,” किसनरावांनी हात वर केला. “म्हनजे माह्या पोराच्या थुकीत तुम्हाले जे दिसलं, ते काय व्हतं?”

“हळदकुंकू. पण थुंकीत नव्हे, नळीत—”

“अन् या पोरीच्या?”

“तेच. हळदकुंकूच. पण मी म्हणतो ते—”

किसनरावांनी मांडीवर अशी थाप मारली की बशीतली सुपारी उडाली. “अहो मंग! शास्त्राच्या यंत्रातून लग्नाच्या आधी पोराच्या अंगात हळद दिसली, पोरीच्या अंगात कुंकू दिसलं! असा योग कोन्या जोश्यानं दाखवला का आजवर? अन् वरून जंतू एक नाई! दोघं निर्मळ!”

“माय वं,” आतून पुष्पाबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले.

“पिंपळगावात हे कोनाले खरं वाटनार नाई,” अकरांपैकी एक म्हणाला.

“पुढची तिथी पाहा,” कारभारीमामा म्हणाले.

“नाही हो! ऐका तरी! माठाच्या पाण्यातही दिसलं होतं! कापडवाल्याच्या थुंकीतही!” सर ओरडले. पण किसनरावांनी उठून त्यांच्याच गळ्यात हार घातला होता, आणि हारामुळे सरांचं तोंड झाकलं गेलं होतं. कोणीतरी यंत्रालाही एक हार घातला. रामराव दारात उभा होता. त्याच्याकडे सगळे आदरानं पाहायला लागले.

कोकिळाला दाराआड क्षणभर हसूच आलं, आणि हसता हसता तिला कळलं की आता तिच्याजवळ काहीच उरलं नाही. पत्रिका नसण्यातून जंतू निघाले होते, जंतू नसण्यातून योग निघाला होता. आणखी काही सिद्ध करायला जावं, तर त्यातून मुहूर्त निघेल. आयोडिनच्या अख्ख्या बाटलीनंही या ओसरीचा रंग बदलणार नव्हता.

तिनं मनकर्णाचा हात सोडला. आई चुलीपाशी साखरेचा डबा उघडत होती. “माय, थांब जरा,” ती म्हणाली. मग दारातून ओसरीवर डोकं काढलं. “बाबा, आत या. आत्ताच या.”

उत्तमराव आले. त्यांचा पटका वाकडा झाला होता आणि चेहरा गोंधळलेला.

“मी बोल्लो व्हतो बाप्पा,” ते आधीच म्हणाले. “माहा शब्द हाय. पन आता तेच म्हनतात योग हाय, मी काय करू? कोनतं कारन सांगू त्याइले?”

“कारन नाई, बाबा,” कोकिळा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, बारीकही नव्हता. “मी कारनं धुंडून थकली. पत्रिका नाई हे कारन नाई, अन् यंत्र खोटं हेबी कारन नाई. मले हे लग्न करायचं नाई, म्हनून नाई. मी अकरावी करनार हाय, शास्त्र घेऊन. नापास झाली तं पुन्हा बसीन. त्याच्याआधी माह्या नावाची सुपारी कोनी फोडायची नाई, ना यंत्र पाहून, ना न पाहता. असं मी ठरवलंय. आता ओसरीवर तुम्ही सांगता, का मी जाऊन सांगू?”